चिकटपट्टीचा तीन नंबर

दुबईतली थंडी इतरांना जाणवायच्या आधी मला कळते. हॉटेलच्या लिनन रूमला, म्हणजे जिथे मी चादरी, टॉवेल आणि युनिफॉर्म सांभाळतो त्या खोलीला, खिडकी नसते, त्यामुळे आमचे ऋतू आभाळात नाही, कपड्यांच्या ढिगात दिसतात. नोव्हेंबर सरत आला की एखाद्या दुपारी पूलवरचे ओले टॉवेल दुपटीनं खाली येतात, सनस्क्रीनच्या वासाचे. त्याच दुपारी चौथ्या मजल्यावरून फोन येतो, "इनासभाई, गेस्ट को एक्स्ट्रा ब्लँकेट मंगता है." युरोपातला पाहुणा पूलकाठी उघडा लोळत असतो आणि आपला नागपूरचा किंवा इंदूरचा पाहुणा कानाला मफलर गुंडाळून ब्लँकेट मागत असतो. दोघांचंही बरोबर असतं. मी वहीत 'ब्लँकेट, एक' असं लिहितो आणि मनात म्हणतो, आली बाई थंडी.

त्या संध्याकाळी दुबईच्या अल बर्शा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटावरचं खोकं खाली येतं. त्यात चिंचआळीच्या फुटबॉल टीमच्या जर्स्या असतात. चिंचआळी म्हणजे वसईतली आमची आळी, गाव म्हणायलाही धाकधूक वाटावी एवढी. एक विहीर, एक क्रूस आणि तीसेक घरं. जर्स्या एकूण सात. सहा निळ्या आणि एक पिवळी, गोलकीपरची. मी त्या बाल्कनीत वाळत टाकतो. धुतलेल्याच असतात, पण वर्षभर खोक्यात राहिलेल्या कापडाला एक कोंदट वास येतो आणि माझा जन्म असले वास घालवण्यातच गेला आहे.

या वर्षी खोक्यात सहाच निघाल्या. पिवळी नव्हती.

मी कपाट रिकामं केलं. पलंगाखालच्या बॅगा काढल्या. नाताळच्या दिव्यांच्या पेटीतसुद्धा पाहिलं. सेलिन, माझी बायको, दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "मी तुझ्या त्या पिवळ्या चिंधीला हात लावत नाही. चार वर्षांपूर्वी तूच शपथ घातलीस." खरं होतं. ती जर्सी मी कोणाला धुवायला देत नाही. बादलीत, थंड पाण्यात, स्वतःच्या हातानं धुतो, आणि पाठीवर इस्त्री फिरवत नाही. तिच्या पाठीवर काळ्या चिकटपट्टीचा एक तीन आहे.

माझ्या जिवाची अशी घालमेल का झाली हे सांगायचं, तर सईदच्या बेटापासून सुरुवात करायला हवी.

सईद आमच्या हॉटेलच्या बेल डेस्कवर होता. पाहुण्यांच्या बॅगा वर नेणाऱ्या पोरांचा मुकादम म्हणा ना. उंच, सावकाश चालणारा, अरबी आणि फ्रेंच अस्खलित, आणि राहत्या खोलीतल्या बिहारी सोबत्यांनी शिकवलेली हिंदी. रोज दुपारी युनिफॉर्म बदलायला माझ्या काउंटरवर यायचा. बाकीचे मळका कोट फेकून जातात. सईद घडी घालून द्यायचा. "धुने को ही तो जाना है, घडी क्यूं?" असं मी एकदा विचारलं. "तुम्हारे हाथ में दे रहा हूं, इनास, मशीन के नहीं," तो म्हणाला. त्या दिवसापासून आमची दोस्ती.

तो कोमोरोसचा. हा देश कुठे आहे हे मलाही ठाऊक नव्हतं, उगाच शहाणपण कशाला मिरवू. त्यानं लाँड्रीच्या स्लिपमागे आफ्रिकेचा किनारा काढला, शेजारी मादागास्कर काढलं, आणि मधल्या पाण्यात पेनानं चार ठिपके दिले. तीन त्यांचे, चौथा फ्रान्सकडे राहिलेला. सगळी माणसं मिळून दहा लाखसुद्धा नाहीत. आमच्या वसई-विरारमध्ये त्याहून जास्त भरतील.

त्या ठिपक्यांच्या फुटबॉल टीमचा इतिहास मी हप्त्याहप्त्यानं ऐकला, रोज कोटाची बटणं तपासताना पाच-सात मिनिटं. सईद लहान होता तेव्हा देश होता, पण जगाच्या फुटबॉलच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. नाव लागलं तेव्हा हा कमवायला लागला होता. मग सुरुवातीची वर्षं हरण्यात गेली. "इनास, हारने के लिए भी प्लेन का टिकट लगता है," तो सांगायचा आणि स्वतःच हसायचा. या टीमला ते एका माशाच्या नावानं ओळखतात, सीलाकँथ. हा मासा पृथ्वीवरून कधीचा नाहीसा झाला असं शास्त्रज्ञ धरून चालले होते, आणि तो जिवंत सापडला. कोमोरोसच्या कोळ्यांना मात्र तो कायमचा माहीत. अधूनमधून गळाला लागायचा. खायला बेचव, म्हणून कोणी कौतुक केलं नाही. मला ही गोष्ट फार आवडली. आपण संपलो असं कोणीतरी लांब बसून लिहून ठेवतं, आणि आपण आपले खोल पाण्यात पोहतच असतो.

हरणारी टीम सावरली कशी, तर त्यांनी मोजायची रीत बदलली. बेटावर किती माणसं आहेत हे मोजायचं सोडून बेटाची माणसं कुठे कुठे आहेत ते मोजायला लागले. फ्रान्समध्ये, विशेषतः मार्सेल शहरात, कोमोरोसची हजारो घरं आहेत. तिथे जन्मलेली, तिथल्या क्लबांत खेळणारी पोरं. कित्येकांनी आईबापाचं बेट धड पाहिलेलंही नाही. ती पोरं आली. हिरवी जर्सी घालून उभी राहिली. "वो बच्चा फ्रेंच बोलता है," सईद म्हणायचा, "लेकिन उसकी मां डांटती किस भाषा में है? बस. वो हमारा है." मायदेश ठरवायची इतकी सोपी कसोटी मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेली नाही.

आता चिंचआळीकडे येतो. दर हिवाळ्यात अमिरातीतल्या आम्हा वसईकरांची गावागावांची फुटबॉल स्पर्धा असते, अजमानमधल्या एका भाड्याच्या टर्फवर. सहा-सहा जणांची टीम. मोठ्या गावांना राखीव खेळाडू कुठे बसवायचे हा प्रश्न असतो, आणि आमची अख्ख्या अमिरातीत पाच घरं. बापाचं गाव तेच खेळाडूचं गाव, असा नियम. चार वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात आमचे तिघेच उरले होते: मी, अजमानचा सिल्वेस्टर, जो तेव्हा बावन्न वर्षांचा होता आणि ज्याच्या गुडघ्याचा आवाज मैदानाबाहेर ऐकू यायचा, आणि रुवैसच्या रिफायनरीत काम करणारा माझा चुलतभाऊ मॅक्सी, आमचा गोलकीपर. आदल्या वर्षी आम्ही उतरलोच नव्हतो.

पास्कलकाका स्पर्धेचे सेक्रेटरी. माणूस सज्जन, पण नियमाला चिकटलेला. त्यांनी अजमानच्या घरी मीटिंग बोलावली, नाताळच्या उरलेल्या नेवऱ्या, म्हणजे करंज्याच, पुढे केल्या आणि म्हणाले, "इनास, वाईट वाटून घेऊ नको. या वर्षी सहा उभे राहिले नाहीत तर चिंचआळीचं नाव काढतो. तुम्ही शेजारच्या गावात खेळा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मी हातातली नेवरी तशीच बशीत ठेवली. तिकडे आळीतल्या घरांना कुलपं लागत चालली होती, जमिनींवर बिल्डरांच्या पाट्या उभ्या राहत होत्या. चिंचआळी हे नाव आता पंचायतीच्या कागदांवरही नसतं, पोस्टमन तेवढा ओळखतो. जगाच्या पाठीवर ते मोठ्यानं पुकारलं जाण्याची एकच जागा उरली होती, ती ही अजमानच्या टर्फवरची. मला भीती वाटली, अगदी माणूस जाण्याची वाटते तशी.

मग मला सईदचं गणित आठवलं. मी म्हणालो, "काका, आईचं गाव धरा. ज्या गावाचे सहा भरत नाहीत, त्यांच्यापुरतं तरी."

"मग उद्या सगळे मामाकडून खेळतील," पास्कलकाका म्हणाले.

"खेळू द्या की. मामाकडे कोण परका असतो?"

सगळे हसले आणि तेवढ्यावर नियम वाकला. सईदला हे सांगितलं तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. त्यांच्या बेटावर घर बाईच्या नावावर असतं. बाप आयुष्यभर राबून मुलीसाठी घर बांधतो. "तुम लोग मां को इतना लेट क्यूं गिनते हो?" एवढंच त्यानं विचारलं.

आईकडून तिघे सापडले. दोघे भाऊ शारजाचे, आणि एक केविन, ज्याचे वडील मंगळुरी आणि ज्याला मराठीतलं फक्त 'जेवलास का' येत होतं. सहा झाले. सातवं, राखीव म्हणून, मी माझ्या मुलीचं नाव घातलं. ॲनेट तेव्हा पंधरा वर्षांची. शाळेत बास्केटबॉल खेळायची. मुलगी चालेल की नाही याबद्दल नियमात काहीच नव्हतं, कारण तो विचार कोणाच्या डोक्यातच आला नव्हता.

फॉर्म तिनंच भरला. दोन दिवसांनी पास्कलकाकांचा फोन आला. "इनास, अल बर्शा नावाची आळी वसईत कधी निघाली रे?"

ॲनेटनं 'गाव' या रकान्यात अल बर्शा लिहिलं होतं. मी विचारलं तर तिनं निरागसपणे उत्तर दिलं, "बट पप्पा, दॅट इज व्हेअर वुई लिव्ह." तिची चूक नव्हती. चिंचआळी तिनं पाहिली होती चारदा, चारही वेळा मे महिन्यात, डासांसकट. मला राग आला नाही, लाज वाटली. पंधरा वर्षांत मी तिला पासपोर्टचा नंबर पाठ करायला लावला होता, आळीचं नाव नाही. तिनं फॉर्म बदलला. वायफायचा पासवर्ड उतरवावा तशी एकेक अक्षर विचारून तिनं चिंचआळी लिहिली.

तो जानेवारी वेगळाच होता. दुबईची सुट्टी शुक्रवारवरून नुकतीच शनिवार-रविवारवर आली होती. बावीस वर्षं आम्ही शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला जात होतो आणि रविवारी ड्युटीवर. आता रविवार पुन्हा रविवारसारखा आला. हवेत गारवा होता. कोरोना जातो म्हणता म्हणता परत आला होता, आणि मोबाइलवरचा पास हिरवा असेल तरच कुठेही आत सोडायचे. आणि त्याच जानेवारीत कोमोरोस पहिल्यांदा आफ्रिकेच्या मोठ्या स्पर्धेत खेळत होतं.

पहिल्या दोन मॅच हरले. तिसऱ्यात त्यांनी घानाला हरवलं, तीन-दोन. घाना म्हणजे वर्ल्ड कप गाजवलेली टीम. त्या दिवशी सईदनं युनिफॉर्मच्या कोटाची घडी घातली नाही, काउंटरवरून मला मिठीच मारली. पुढची मॅच यजमान कॅमेरूनशी होती, आणि तिथे या बेटावर आभाळ कोसळलं. तीन गोलकीपरांपैकी एकाचा खांदा दुखावला होता, बाकीचे दोघे कोरोनात अडकले. गोलमध्ये उभं राहायला कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सईद ती मॅच मोबाइलवर घेऊन आला. ड्रायरची घरघर चालू होती, आम्ही चौघे-पाच जण चादरींच्या गठ्ठ्यांवर बसलो. निकाल त्याला माहीत होता, पण त्यानं तोंडातून अक्षर काढलं नाही. कोमोरोसचे अकरा जण आले. गोलमध्ये उभा राहिला तो त्यांचा डावा बचावपटू. उंचीनं बेताचा. अंगावर गोलकीपरची जर्सी आणि पाठीवर चिकटपट्टीनं डकवलेला त्याचा स्वतःचा नंबर, तीन. सातव्या मिनिटाला त्यांच्या कॅप्टनला लाल कार्ड. म्हणजे दहा माणसं, आणि गोलकीपर नसलेला गोलकीपर. आमचा नेपाळी इस्त्रीवाला पुटपुटला, "अब तो दस गोल पडेंगे."

पडले दोन. बाकी सगळे त्या माणसानं अडवले, हातानं, पायानं, अंगानं. आणि शेवटची दहाएक मिनिटं राहिली असताना कोमोरोसच्या एकानं लांबून फ्री किक मारली ती जाळ्यात वरच्या कोपऱ्यात. दोन-एक. तेवढ्यावरच संपलं, ते हरले. मी सईदकडे पाहिलं. माणूस रडत होता आणि त्याचा चेहरा जिंकलेल्याचा होता. मला त्या क्षणी त्याचा आणि त्याच्या चार ठिपक्यांचा हेवा वाटला, हे कबूल करतो.

त्यानं ती क्लिप ॲनेटलाही पाठवली. तिनं बघून विचारलं, "व्हाय डिडन्ट दे जस्ट फॉरफिट?" मी तो प्रश्न सईदला कळवला. त्याचा व्हॉइस मेसेज आला. "बेटी, गोल में कोई भी खड़ा हो सकता है. लेकिन किसी को खड़ा होना पड़ता है." तिनं तो दोनदा ऐकला.

रविवारी मिस्साहून आम्ही थेट अजमानला निघालो. सुट्टी असल्यानं सईदही सोबत होता, हिरवी जर्सी घालून. शारजाच्या आसपास मॅक्सीचा फोन आला. तो बोलायच्या आधीच मला कळलं. "पॉझिटिव्ह आलो रे. रुवैसमधून बाहेर सोडत नाहीत." त्याची पिवळी जर्सी माझ्याच बॅगेत होती, नुकतीच धुतलेली.

मैदानावर पास्कलकाका वही घेऊन उभे होते. "सहा आहेत?" त्यांनी विचारलं. सिल्वेस्टर गुडघ्याला पट्टा बांधत होता, त्यानं मान खाली घातली. ॲनेट म्हणाली, "आहेत. आय विल गो इन गोल. माझे हात चांगले आहेत."

पिवळी जर्सी तिला गुडघ्यापर्यंत येत होती. पाठीवर मॅक्सीचा एक नंबर. फॉर्मवर तिचा नंबर सात. काका म्हणाले, अंगावर मॅक्सीचा नंबर चालणार नाही, झाका तो, दुसरा कुठलाही लावा. लिनन रूमच्या माणसाच्या खिशात टेप असतेच. सईदनं ती माझ्या हातातून घेतली, गुडघ्यावर बसला, दातांनी तोडून पट्ट्या केल्या. "कौन सा नंबर, बेटी?"

"थ्री," ती म्हणाली. "ऑब्व्हियसली."

मॅच म्हणावी असं काही आम्ही खेळलो नाही. समोर सगळ्यांत मोठं गाव. त्यांचे राखीवच आमच्या पाच घरांहून जास्त. पहिला गोल ॲनेटच्या पायांमधून गेला आणि तिचा चेहरा पडला. गोलमागून सईद ओरडला, "खलास, वो गया! यल्ला, अगला!" पुढचे बहुतेक तिनं धरले, बास्केटबॉल धरतात तसे, छातीशी. एक तर हवेतून काढला आणि तोंडावर आपटली. उठली तेव्हा ओठाला रक्त होतं. मी धापा टाकत पुढे रेंगाळलो की तिची हाक यायची, "पप्पा, मागे या! मागे!" घरी साधं पाणी मागायलाही इंग्रजी वापरणारी पोर भर मैदानात मला मराठीत झापत होती, आणि मी मुकाट्यानं मागे येत होतो. केविननं एक गोल केला. आम्ही हरलो, तीन-एक.

संपल्यावर पास्कलकाकांनी वही उघडली आणि प्रथेप्रमाणे गावांची नावं मोठ्यानं वाचली. आमचं नाव शेवटी आलं. "चिंचआळी, हजर." दोनच शब्द. सिल्वेस्टरनं तोंड फिरवून डोळे पुसले. मी मात्र उघड रडलो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

त्यानंतर ते नाव गेलं नाही. या वर्षी यादीत आमचे नऊ आहेत, पाच आईकडचे. कोमोरोसही थांबलं नाही. घानाला त्यांनी आणखी एकदा हरवलं आणि या डिसेंबरात ते मोरोक्कोत आफ्रिकेच्या स्पर्धेत परत उतरलं आहे. सईद दोन वर्षांपूर्वी कायमचा घरी गेला. मुलीचं घर पुरं झालं होतं. जाताना त्यानं शेवटचा कोट दिला, घडी घालून. हल्ली डिसेंबर लागला की त्याचा मेसेज येतो, "इनास, टीम है?" मी उत्तर देतो, "है, हबीबी, इन्शाल्ला."

या वर्षी मी उत्तर दिलं नव्हतं. पिवळी जर्सी नाही, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

ॲनेट आता पुण्यात शिकते. नाताळच्या सुट्टीला परवा आली. हॉलमध्ये बॅग उघडली, सेलिनसाठी आणलेली बाकरवडी काढली, पुस्तकं काढली, आणि सगळ्यांत खालून पिवळं काहीतरी काढून माझ्या मांडीवर टाकलं. "सॉरी पप्पा. जूनमध्ये न विचारता नेली."

मी म्हणालो, "अगं, पण हॉस्टेलमध्ये कशाला?"

"तिथे सगळे विचारतात, व्हेअर आर यू फ्रॉम? दुबई सांगितलं की म्हणतात, नो, ओरिजिनली? मग मी ही दाखवते. आधी कोमोरोसची गोष्ट सांगते, मग चिंचआळीची." मग बॅगेची चेन ओढत म्हणाली, "लोकांना दोन्ही कुठे आहेत माहीत नसतं. मी काढून दाखवते, कागदावर."

मी जर्सी उलटी केली. तीन जागेवर होता. पण टेप सुटायला लागली असणार, कारण तिच्या कडेकडेनं काळ्या दोऱ्याचे टाके होते. लांब, आखूड, तिरके, एका जागी नुसता गुंता. ॲनेटला सुईत दोरा ओवता येतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. असली शिलाई माझ्या लिनन रूममध्ये कोणी केली असती, तर मी त्याला समोर बसवून सगळी उसवायला लावली असती.

मी जर्सीची घडी घातली, पाठ वर ठेवून, आणि फोन शोधायला उठलो. सईदला उत्तर द्यायचं राहिलं होतं.